राहून गेलेला बुरणूस

ही गोष्ट किती जुनी ते विचारू नका. डोंगर होता, मेंढ्या होत्या आणि हिवाळा आत्तापेक्षा जरा जास्तच बोचरा होता, एवढं मात्र नक्की. त्या डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांचं एक गाव होतं आणि त्या गावात एक बाई राहायची. लहानथोर सगळे तिला आत्याबाई म्हणायचे. तिचं खरं नाव काय ते तिलाही आठवून सांगावं लागलं असतं.

आत्याबाईच्या हाताला गुण होता. गावात बुरणूस करणाऱ्या पुष्कळ होत्या, पण आत्याबाईनं मांडलेला बुरणूस वेगळा ओळखू यायचा.

बुरणूस म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण. तो विणायचा नसतो, त्याला माग लागत नाही. लोकर पिंजून चटईवर थरावर थर पसरायचे, वर रंगीत लोकरीची नक्षी मांडायची, रिठ्याचं गरम पाणी शिंपडायचं आणि चटईसकट सगळं गुंडाळून दोरीनं करकचून बांधायचं. मग ती गुंडाळी लाटायची. तीन बायका अल्याड, तीन पल्याड. गुडघ्यांवर बसून, कोपरापर्यंतचा हात टेकवून गुंडाळी पुढं ढकलायची, मागं घ्यायची. मधूनमधून उलगडून गरम पाणी द्यायचं, पुन्हा बांधायची. दिवसभर असं केलं की लोकरीचा केस न् केस एकमेकांत अडकतो. मग तो थर ओढूनही तुटत नाही. चार दिवस कडक ऊन दाखवलं की बुरणूस तयार.

हे काम वर्षातून एकदाच व्हायचं. दसऱ्याला मेंढ्या कातरायच्या, तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत बुरणूस लाटायचे. पौर्णिमा झाली की गावातली तरणीताठी माणसं कळप घेऊन खाली कोकणात चरायला निघायची. मग गावात उरायची म्हातारी माणसं आणि थंडी.

त्या वर्षी आत्याबाईला बुरणूस करायचाच होता. तिची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लेकीचं सासर वर पठारावर होतं. तिथला वारा असा की चुलीपुढं बसलेल्या माणसाचीही पाठ गारठावी. आणि त्या मुलखाची एक रीत होती. बाळंतीण सव्वा महिन्यानं सासरी परत गेली की बाळाला बापाच्या घरात पहिल्यांदा खाली ठेवायचं ते आजोळच्या बुरणुसावर. पुढं तो पहिला हिवाळा बाळानं त्याच बुरणुसावर काढायचा.

"माझ्या नातवंडाचा बुरणूस असा करीन," आत्याबाई म्हणाली, "की पठारावरच्या बाया तो बघायला येतील."

आणि ती करू शकली असती. यात खोटं काही नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आळीतल्या नऊ घरांनी आपापल्या लोकरीची एकेक बट टोपलीत टाकली. एका लहान पोरीनं डोळे मिटून एकेक बट काढायची आणि त्या क्रमानं ज्याच्या त्याच्या घरचा बुरणूस लाटायचा, असं ठरलेलं असे. पोरीनं पहिली बट काढली. ती काळी होती. आत्याबाईची.

"आत्याबाईची पयली बारी!" बायका ओरडल्या.

आत्याबाई हसली आणि शेजारणीकडं बोट दाखवून म्हणाली, "माझं काय एवढं? माझं घरचंच हाय. हिचं पोर तान्हं हाय, हिचं आधी होऊ द्या."

तिचं मन केवढं मोठं, असं सगळ्यांनी म्हटलं. आत्याबाईलाही ते ऐकून बरं वाटलं. मग तिला ती सवयच लागली. एकीची सासू आजारी होती, तिला बारी दिली. एकीचा नवरा चिडका होता, तिला दिली. एकीला काहीच अडचण नव्हती, तिलाही दिली. आपली बारी दुसऱ्याला देणं किती गोड काम असतं पाहा! लोक नाव काढतात आणि आपलं कामही टळतं.

दुसऱ्यांच्या कामात मात्र आत्याबाई सगळ्यांच्या पुढं. पहाटे पाणी तापवायला हजर, थर मांडायला हजर, लाटायला हजर. "अगं, तिकडचा कोपरा पातळ राहिलाय! जोर पोटातून लाव, नुसते हात काय हलवतेस?" असं म्हणून ती सगळ्यांना हलवून सोडायची. आठ घरांचे आठ बुरणूस तिच्या देखरेखीखाली झाले आणि एकापेक्षा एक झाले.

तिच्या घरी मात्र काळ्या कोकरांच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर माळ्यावर पोत्यात पडून होती.

टाळण्याचं खरं कारण आत्याबाई कुणाला सांगत नव्हती. तिला नक्षी सुचत नव्हती. रोज सकाळी ती अंगणात रांगोळीनं काहीतरी रेखाटायची. कधी वेल, कधी मोर, कधी नुसती चौकट. दोन पावलं मागं जाऊन बघायची, नाक मुरडायची आणि पायानं पुसून टाकायची. आळीतल्या आठ जणींसाठी तिला नक्षी चुटकीसरशी सुचली होती. स्वतःच्या नातवंडासाठी मात्र कुठलीच पुरेशी वाटेना.

लेक ओट्यावर बसून हे रोज बघत होती. एकदा तिनं विचारलंच, "आई, आपला कवा लाटायचा गं?"

"लाटू की. नक्षी तर जमू दे."

"साधा केलास तरी चालंल मला."

"साधा?" आत्याबाईनं कमरेवर हात ठेवले. "आळीत सगळ्यांचा नक्षीचा आन् माझ्याच नातवंडाचा साधा? लोक काय म्हणतील?"

आईच्या हातावर लेकीचा विश्वास होता. लहानपणापासून तिनं त्या हातांना हरताना पाहिलं नव्हतं.

बघता बघता दिवाळी झाली आणि पौर्णिमा उद्यावर आली. कळपाच्या म्होरक्याची बायको, जिला सगळे कारभारीण म्हणायचे, ती संध्याकाळी आत्याबाईच्या दारात आली. तिच्या घरी सामान बांधून झालं होतं, घोड्यांच्या पाठीवर टाकायचंच बाकी होतं.

"आत्याबाई, परवा पहाटं निघायचं," ती म्हणाली. "उद्याचा दिस मोकळा हाय. आम्ही पाच जणी हाय, तुम्ही सहाव्या. पाणी मी तापवते. तुमचा बुरणूस उद्या लाटून टाकू."

"लोकर पिंजायची हाय अजून."

"आज रातच्याला घरोघर वाटून घेऊ, सकाळपतुर पिंजून हुईल."

"नक्षी ठरली न्हाई गं."

"मग बिननक्षीचा लाटू. उबंला नक्षी लागती व्हय?"

लेकीनं ओट्यावरून आईकडं पाहिलं. तिचं पोट आता चांगलंच वर आलं होतं. तिचा चेहरा 'हो म्हण' असं सांगत होता.

आत्याबाईनं क्षणभर विचार केला. काळी लोकर, घाईघाईत पिंजलेली, वर काहीच नाही. पठारावरच्या बायांच्या पुढं असला बुरणूस पसरायचा? तिची मान आपोआप हलली.

"जावा तुम्ही सुखानं," ती म्हणाली. "अजून दोन महिनं हायत मला. तीन दिसांचं काम. म्या एकटी तिघींचं काम करते, ठाव हाय ना?"

"ठाव हाय," कारभारीण म्हणाली. "तुमच्या हातात लई बळ हाय, आत्याबाई. पर हात दोनच हायत."

एवढं बोलून ती गेली. तिसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा गाव रिकामं झालं होतं. मेंढ्यांची लेंडकं आणि खुरांनी उडालेली धूळ तेवढी रस्त्यावर होती. गावातले सगळे नवे बुरणूस घोड्यांच्या पाठीवरून कोकणात निघाले होते.

त्यानंतर आठच दिवसांनी आत्याबाईला नक्षी सुचली. आणि खरं सांगायचं तर काय नक्षी होती ती! मेंढ्यांचा कळप डोंगर चढतो आहे, पुढं एक बाई चालते आहे आणि माथ्यावर एका घराचं दार उघडं आहे. आत्याबाईनं ती रांगोळीनं अंगणात काढली तेव्हा पाणी भरायला निघालेली म्हातारी कुंभारीण घागर खाली ठेवून बघत राहिली. आत्याबाईनं हळदीत लोकर रंगवली, मंजिष्ठेत रंगवली. लाल रंग मनासारखा उतरेना म्हणून पुन्हा पुन्हा रंगवली. त्यात मार्गशीर्ष संपत आला.

मग लेक बाळंत झाली. मुलगी झाली. आत्याबाईचा आनंद गगनात मावेना. बाळाचं न्हाणं, बाळंतिणीचं तेल, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, बारसं. या सगळ्यांत दिवस कसे गेले ते कळलं नाही. बाळाचं नाव म्हाळसा ठेवलं. जावई येऊन पाठवणीचा दिवस ठरवून गेला, तेव्हा आत्याबाईनं बोटांवर हिशेब केला. बारा दिवस होते.

"तीन दिवसांचं काम," ती स्वतःशीच म्हणाली, "आन् दिवस बारा. मोप वेळ हाय."

माळ्यावरून पोतं खाली आलं. लोकर पिंजण्यातच पाच दिवस गेले, कारण पिंजायला ती एकटी होती. सहाव्या दिवशी तिनं थर मांडले आणि वर ती नक्षी मांडली. पिवळी बाई, लालसर दार, पांढऱ्या मेंढ्या. काळ्या लोकरीवर ते सगळं असं उठून दिसत होतं की लेकीनं बाळाला उचलून दाखवलं.

आता लाटायचं. पण कुणी? कुंभारीण आली, तिचा एक गुडघा वाकत नव्हता. आत्याबाईचा म्हातारा चुलता आला, त्याला कानानं कमी ऐकू यायचं. आत्याबाई 'ढकला' म्हणाली की तो ओढायचा आणि 'ओढा' म्हणाली की थांबून विचारायचा, "काय म्हणालीस?" लेक पदर खोचून उठली, तशी आत्याबाई तिच्यावर ओरडली, "ओली बाळंतीण तू! बस तिथं!"

पौषातलं ऊन नुसतं दिसायला असतं. पाणी चुलीवरून आणून शिंपडेपर्यंत कोमट व्हायचं आणि गुंडाळी बांधेपर्यंत गार. सहा जणींचं काम तिघांनी करायचं, त्यातल्या दोघांना धाप लागलेली. दुपार कलली. आत्याबाईनं गुंडाळी उलगडून बघितली. लोकर अजून सुटीच होती.

तिचं डोकं तापलं. तिनं चुलीवरची घागर उचलली आणि उकळतं पाणी तसंच एका बाजूनं ओतलं. मग दोरी आवळली आणि सगळं बळ एकवटून एकटीच लाटत सुटली. जे काम दिवसभरात हळूहळू मुरायला हवं, ते तिला तासाभरात करायचं होतं.

सूर्य टेकायला आला तेव्हा तिनं गुंडाळी उलगडली.

ज्या बाजूला उकळतं पाणी पडलं होतं ती बाजू आक्रसून चामड्यासारखी घट्ट झाली होती. दुसरी बाजू अजून भुसभुशीत होती, बोट लावलं की पुंजके हातात येत होते. घट्ट बाजूच्या मेंढ्या उंदरांएवढ्या झाल्या होत्या. सुट्या बाजूच्या मेंढ्यांच्या माना लांबच लांब ओढल्या गेल्या होत्या. पिवळी बाई मधोमध फाटली होती आणि घराचं दार कुठं गेलं ते सापडेना.

चुलत्यानं वाकून नीट पाहिलं आणि कौतुकानं म्हणाला, "उंट झ्याक काढलंस!"

लेकीला हसू फुटलं. आत्याबाईलाही फुटलं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग लेकीचं हसणं थांबलं आणि आत्याबाईच्या डोळ्यांतलं पाणी मात्र थांबेना. ती त्या ओल्या लोकरीजवळ मांडी घालून बसली आणि लहान पोरीसारखी रडली. विणलेलं उलगडता येतं, शिवलेलं उसवता येतं. एकदा आक्रसलेली लोकर कुणाच्या बापाला सोडवता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि काळ्या कोकरांची लोकर आता वर्षभर मिळणार नव्हती.

त्या सगळ्या पसाऱ्यात मधला वीतभर तुकडा तेवढा नीट जमला होता. आत्याबाईनं तो कापून घेतला, वाळवला आणि त्याचं बाळाला टोपरं शिवलं.

पाठवणीच्या दिवशी आत्याबाई लेकीबरोबर पठारावर गेली. गाडी थांबली तेव्हा वारा अंगातून आरपार जात होता. घरासमोर शेजारच्या बाया जमल्या होत्या. विहिणीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या पायांवर पाणी घातलं आणि उंबऱ्याच्या आत जागा झाडून ठेवली होती तिकडं हात केला.

"पसरा विहीणबाई तुमचा बुरणूस," ती म्हणाली. "तुमच्या हाताची लई ख्याती ऐकलीया."

आत्याबाईनं पिशवीत हात घातला आणि टोपरं काढलं. बाया पुढं होऊन बघायला लागल्या. अजून काही निघेल म्हणून त्या थांबल्या, पण पिशवी रिकामी होती.

विहीण शहाणी होती. तिनं एक अक्षर वावगं उच्चारलं नाही. स्वतःच्या खांद्यावरची जुनी घोंगडी काढली, चौघडी करून त्या झाडलेल्या जागेवर घातली आणि म्हणाली, "टोपरं ब्येस झालंय. डोकं राखलं म्हंजी सगळं राखलं. ठेवा बाळाला." घोंगडी खरखरीत होती. म्हाळसाला तिच्यावर ठेवलं तशी ती रडायला लागली. आत्याबाईला कुणी रागावलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

निघताना लेक दारापर्यंत आली. दोघीच होत्या.

"आई," लेक म्हणाली, "सगळ्यांचं केलंस तू. माझाच तेवढा राहिला."

"तुझा सगळ्यांत चांगला करायचा व्हता गं. म्हणून राहिला."

"मला सगळ्यांत चांगला नको व्हता," लेक म्हणाली. "थंडीच्या आधी हवा व्हता."

आत्याबाई लेकीच्या गालावरून हात फिरवून गाडीत बसली.

त्या हिवाळ्यात म्हाळसा दोनदा तापली आणि दोन्ही वेळा बरी झाली. बुरणूस असता तर तापली नसती, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आत्याबाईला मात्र तसंच वाटत राहिलं. टोपरंही महिन्याभरात घट्ट व्हायला लागलं. बाळं वाढायची थांबत नाहीत.

वर्ष फिरलं. कळप कोकणातून परत आले, पुन्हा दसरा आला, मेंढ्या कातरल्या. टोपलीत नऊ बटा पडल्या. आत्याबाईची बट या वेळी चौथी निघाली. तिची बारी आली त्या सकाळी शेजारीण लाडीगोडी लावत आली.

"आत्याबाई, आमच्याकडं पाव्हणं यायचं हायत. औंदा बी आमचं आधी करू या का?"

आळीतल्या बायका आत्याबाईच्या तोंडाकडं बघायला लागल्या. ती काय म्हणणार हे सगळ्यांना माहीतच होतं.

"न्हाई बाई," आत्याबाई म्हणाली. "तुझं परवा. त्या दिशी पहाटं येऊन पाणी तापवते. पर आज माझं."

चटई पसरली गेली. काळ्या लोकरीचे थर पडले. बायका नक्षीची वाट बघत थांबल्या. आत्याबाईनं पांढऱ्या लोकरीचे दोन लांब पट्टे घेतले आणि या काठाला एक, त्या काठाला एक असे ठेवून दिले. एवढंच.

"आत्याबाई," कारभारीण वाकून बघत म्हणाली, "ह्यो पट्टा जरा वाकडा गेलाय. सरळ करता का?"

आत्याबाईनंही पाहिलं. पट्टा वाकडा होता, चांगला बोटभर. सरळ करायचा तर लोकर उचलायची, मग खालचा थर हलणार, मग तो नीट करायचा, आणि तेवढ्यात दुसरं काहीतरी सुचणार. तिनं पाणी हाताला लावून बघितलं. छान गरम होतं. समोर पाच जणी बाह्या सरसावून बसल्या होत्या आणि अंगणात आश्विनातलं खणखणीत ऊन होतं.

"राहू दे वाकडा," ती म्हणाली. "दोरी बांधा."

दोरी आवळली गेली आणि बारा हात कामाला लागले. आठव्या दिवशी तो बुरणूस पठारावर पोचला. म्हाळसा आता धरून धरून उभी राहायला लागली होती. तिनं वाकड्या पट्ट्यावर पाय दिला, धपकन बसली आणि तिथंच झोपून गेली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: हातातली कला वर्षभर आपल्यापाशी राहते, पण ऊन आणि सोबतीचे हात ठरल्या वेळेला निघून जातात. म्हणून ऋतूचं काम ऋतूतच करावं, थोडं वाकडं झालं तरी चालेल.